बाबांना भात चालतो, ठसका पाण्याचाच लागतो. असं का?

पोखरण_दोन

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

बाबा ७४ वर्षांचे. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात टर्नर होते, निवृत्तीनंतरही रोज पहाटे उपवनला चक्कर मारणारे. जानेवारीच्या शेवटी पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, तोंड वाकडं झालं, बोलणं जड झालं. रुग्णालयात बारा दिवस नाकातून नळी होती. सोडायच्या आदल्या दिवशी नळी काढली, सिस्टरनी दोन चमचे पेज भरवली, ठसका लागला नाही. डिस्चार्जच्या कागदावर दोन शब्द आले: 'सॉफ्ट डाएट'. रुग्णालयाचं नाव विचारू नका, भांडायला ताकद उरलेली नाही.

घरी आल्यावर मऊ भात, मेतकूट, तूप व्यवस्थित जायला लागलं. पण पाणी प्यायले की ठसका. चहाचंही तेच. आम्ही लगेच पाठीवर थाप मारून "वर बघा, वर बघा" करतो. आई तर पाण्याच्या ठसक्यावर आणखी पाणी देते. जेवल्यावर आवाज असा येतो की घशात काहीतरी बुडबुडतंय. पंधरा दिवसांत दोनदा ताप. दुसऱ्यांदा एक्सरे काढला तर उजव्या फुफ्फुसात खाली डाग. डॉक्टर म्हणाले, अन्न श्वासनलिकेत जातंय, न्यूमोनिया झालाय. अँटिबायोटिक्स दिली, "सांभाळून भरवा" म्हणाले.

सांभाळून म्हणजे नक्की कसं? पाण्यासारखी साधी गोष्ट अडते आणि भात जातो, हे माझ्या डोक्यातच शिरत नाही. बाबा दिवसभर पाणी मागतात. काल शिवी दिली मला. आयुष्यात पहिल्यांदा.

चहाटळ

शिवी स्पष्ट ऐकू आली ना? मग बोलणं सुधारतंय, हे धरून चला. (विनोद आवडला नसेल तर माफी. माझे वडीलही याच वाटेने गेलेत.)

गोखले_रोडचे_काका

ताई, घाबरू नका. घसा कोरडा पडला की असे होते. मधाचे चाटण द्या, कोमट पाण्याचे घोट थोड्या थोड्या वेळाने द्या. ठसका लागल्यास मान वर करून छताकडे बघायला सांगावे, आमच्या आजीपासून चालत आले आहे. मला स्वतःला गेले तीन महिने भाकरीचा घास छातीत अडकल्यासारखा वाटतो, वरून पेलाभर पाणी प्यायलो की उतरतो. वय झाले की चालायचेच.

खाडीपलीकडचा

काका, कोमट असो वा थंड, पाणी ते पाणीच. मला यातलं फार कळत नाही, पण इथे 'आवंढा' आहेत ना? त्यांचं कामच हे आहे. आवंढाताई, या हो.

आवंढा

आले. मी स्पीच थेरपिस्ट आहे, ठाण्यातच काम करते. नावामुळे लोकांना वाटतं आम्ही फक्त मुलांना बोलायला शिकवतो. गिळण्याच्या अडचणी तपासणं आणि त्यावर उपचार करणं हाही आमच्याच अभ्यासाचा भाग आहे. जीभ, ओठ, टाळू, स्वरयंत्र, सगळं सामान तेच.

आधी सगळ्यांनी एक करा. कंठमण्यावर हलकं बोट ठेवा आणि आवंढा गिळा. कंठमणी वर उडी मारून परत खाली आला ना? त्या उडीत स्वरयंत्र वर आणि पुढे सरकतं, श्वासनलिकेवरचं झाकण पडतं, आतले स्वरतंतू मिटतात, श्वास क्षणभर थांबतो आणि मागच्या अन्ननलिकेचं दार उघडतं. सगळा खेळ साधारण एका सेकंदाचा. हवेचा आणि अन्नाचा रस्ता घशात एकमेकांना छेदतो, म्हणून मेंदूला हा सिग्नल अचूक वेळेवर पाडावा लागतो. पक्षाघातात ती वेळ चुकते. झटक्यानंतर सुरुवातीच्या दिवसांत साधारण निम्म्या रुग्णांना गिळताना त्रास होतो. बऱ्याच जणांचा काही आठवड्यांत कमी होतो, काहींचा राहतो.

आता पाणी. भाताचा घास जिभेवर गोळा होऊन बसतो, ढकलला की जातो. तो सावकाश येतो, म्हणून उशिरा पडणाऱ्या फाटकालाही वेळ मिळतो. पाणी थांबत नाही. जिभेवरून घसरून फाटक पडायच्या आत पलीकडे गेलेलं असतं. त्यामुळे मेंदूच्या दुखण्यात बहुधा पातळ पदार्थांचा त्रास आधी दिसतो.

आणि 'वर बघ'! या दोन शब्दांवर माझा राग आहे. मान मागे गेली की घशाकडे उतार होतो, तोंडातलं सगळं आणखी वेगाने मागे जातं. खोकला चालू असेल तर खोकू द्या, पुढे झुकवून बसवा, वर पाणी ओतू नका. खोकला हा शत्रू नाही, तो पहारेकरी आहे. ज्यांना ठसका लागतच नाही आणि तरी अन्न फुफ्फुसात जातं, त्यांची मला जास्त धास्ती वाटते. त्याला सायलेंट अॅस्पिरेशन म्हणतात. दोन चमचे पेज ठसक्याशिवाय गेली म्हणजे गिळणं सुरक्षित आहे, असं म्हणूनच ठरवता येत नाही.

पोखरणताई, बुडबुडणारा ओला आवाज, दोनदा ताप, उजवीकडे खाली डाग. आता अंदाजावर चालू नका. तपासणी हवी. दोन चाचण्या आहेत. एक व्हिडिओफ्लुरोस्कोपी, म्हणजे बेरियम मिसळलेला घास गिळताना चालता एक्सरे. दुसरी फीज, नाकातून बारीक दुर्बीण घालून गिळणं वरून बघायचं. घशाचा डॉक्टर आणि स्पीच थेरपिस्ट मिळून करतात. थेरपिस्टची आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी आहे का, ते विचारायला लाजू नका. ठाण्यात जमलं नाही तर वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे, वाचा आणि श्रवण याच विषयाची केंद्र सरकारची संस्था, तिथे चौकशी करा.

काका, तुमचं वेगळं लिहिते. तुमचा घास घशात नाही, छातीत अडकतोय, आणि घट्ट पदार्थाचा अडकतोय. हे वयाचं नाही. अन्ननलिका अरुंद झाली असू शकते, त्याची कारणं साधीही असतात आणि गंभीरही. वजन कमी झालंय का? या आठवड्यात पोटाच्या डॉक्टरांना दाखवा, बहुतेक एंडोस्कोपी सांगतील. पाण्याने ढकलत बसू नका.

गोखले_रोडचे_काका

वजन चार किलो उतरले आहे. मला वाटले सकाळच्या फेऱ्यांमुळे. बरे, दाखवतो.

पोखरण_दोन

वाचून हात थरथरले. बारा दिवस नळी, त्यानंतरचे सगळे दिवस, आणि आम्ही रोज "वर बघा"!

तपासणीची वेळ पुढच्या मंगळवारची मिळाली. ('फीज करायचीय' म्हटल्यावर भावाने विचारलं, "किती?") पण तोपर्यंत द्यायचं काय?

नेरूळकरीण

आमच्या सासूबाईंना पार्किन्सन्स आहे, त्यामुळे हे सगळं पाच वर्षं बघतेय. माझ्या अनुभवातून दोन गोष्टी.

पहिली, जेवणाची वेळ. आमच्याकडे दुपारचं जेवण साडेबाराला हा कायदा होता, सासऱ्यांचा. पार्किन्सन्सवरची लेवोडोपाची गोळी कधी चढते, कधी उतरते याकडे कोणाचं लक्षच नव्हतं. आता न्यूरॉलॉजिस्टना विचारून गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास देतो. गोळीचा असर चढलेला असताना हात चालतो तसा घसाही चालतो. उतरलेल्या वेळी भरवलं तर तोच वरणभात तासभर तोंडात फिरत राहतो. डाळ, दूध, पनीर असलं प्रथिनांचं खाणं गोळीबरोबरच दिलं तर गोळीचा असर कमी पडू शकतो, तेही तेव्हाच कळलं.

दुसरी गोष्ट टीव्ही. जेवताना बंद. सासूबाई मालिकेत रडतात, रडताना गिळतात. नको.

तोंडातून लाळ गळते ते लाळ जास्त झाली म्हणून असं आम्हाला वाटायचं. खरं तर गिळणंच कमी वेळा होतं, म्हणून ती साठते.

आवंढा

नेरूळकरीणताईंना शंभर गुण.

पोखरणताई, मंगळवारपर्यंतचं तुमच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून ठरवा. पुरेसं पोटात जात नसेल, ताप आला किंवा धाप लागली तर मंगळवारची वाट बघू नका. मी पेशंट पाहिलेला नाही, त्यामुळे सगळ्यांना चालेल तेवढंच लिहिते. पूर्ण जागे असतानाच भरवा. पाठ सरळ, खुर्चीत शक्य असेल तर खुर्चीत, पलंगावर अर्धवट रेललेलं नको. तुम्ही समोर बसा, उभं राहून भरवलं की ते वर बघतात, म्हणजे पुन्हा तेच. चहाचा चमचा, तोही अर्धा. गिळलं का ते कंठमण्याकडे बघून ठरवा, मग पुढचा. दुबळ्या बाजूच्या गालात घास साठून राहतो, शेवटी बोटाला ओलं फडकं गुंडाळून काढा. जेवल्यावर किमान अर्धा तास आडवं करायचं नाही.

दात घासणं हे जेवणाइतकंच महत्त्वाचं आहे. फुफ्फुसात लाळ थोडीफार जाणारच, त्या लाळेत जंतू किती आहेत यावर बरंच अवलंबून आहे. दिवसातून दोनदा तरी, कवळी असेल तर रात्री काढून.

हनुवटी छातीकडे झुकवून गिळणं पुष्कळांना उपयोगी पडतं. काहींना मान दुबळ्या बाजूला वळवून गिळायला सांगतात, म्हणजे घास चांगल्या बाजूने उतरतो. पण हे प्रत्येकाला लागू नाही, काहींचं उलट बिघडतं. चाचणीत बघूनच ठरतं.

खाडीपलीकडचा

आणि दूधपोळी? आमच्याकडे आजारी माणसाला पहिली दूधपोळीच.

आवंढा

बरं झालं विचारलंत. दूधपोळी, पातळ आमटीत कालवलेला भात, ताकातला भात, चहात बुडवलेली खारी, कलिंगड. मऊ म्हणून आपण देतो, आणि याच फसव्या. यात पातळ आणि घट्ट एकाच घासात असतं. जीभ पोळीच्या तुकड्याशी झटत असते तेवढ्यात दूध मागे पळतं. आइस्क्रीमही तोंडात वितळून पातळच होतं. पोहे, चुरमुरे, शेव भुरभुरतात आणि घसाभर पसरतात. साबुदाण्याची खिचडी चिकटते. त्यापेक्षा घोटलेली मुगाची खिचडी तूप घालून, लापशी, गुठळी नसलेला शिरा, नाचणीचं सत्त्व, फेटलेलं घट्ट दही.

द्रव आणि जेवण दोन्हींसाठी जगभर एक मोजपट्टी वापरतात, आयडीडीएसआय नावाची, लेव्हल ० ते ७. शून्य म्हणजे पाणी, सात म्हणजे नेहमीचं जेवण. द्रव घरी तपासायची युक्ती सोपी आहे. १० मिलीची सिरिंज, सुई काढून, दट्ट्या काढून. खालचं भोक बोटाने दाबा, १० मिलीपर्यंत भरा, बोट काढा, १० सेकंद मोजा, पुन्हा दाबा. आत १ मिलीपेक्षा कमी उरलं तर शून्य. १ ते ४ उरलं तर लेव्हल १, ४ ते ८ उरलं तर २, त्याहून जास्त तर ३. काहीच पडलं नाही तर ४, मग ते चमच्यानेच. सिरिंजवरची ० ते १० ही पट्टी ६१.५ मिलिमीटर लांब हवी, सगळ्या सिरिंजची नसते, पट्टी लावून बघा.

घट्ट पदार्थाला चमचा वाकडा करून बघायचा. एका गोळ्यात खाली पडला पाहिजे. चमच्याला चिकटून राहिला तर घशालाही चिकटेल.

बाबांची लेव्हल कुठली, हे मात्र मंगळवारनंतर.

खारघर_डोंगर

विषय थोडा वेगळा, पण इथेच लिहितो. भावाला गालाचा कर्करोग, वय ४१, पंधरा वर्षं गुटखा. खारघरच्या अॅक्ट्रेकमध्ये (टाटा मेमोरियलचं केंद्र) रेडिएशन झालं. रेडिएशन सुरू व्हायच्या आधीच गिळण्याचे आणि तोंड उघडायचे व्यायाम दिले होते. आम्हाला वाटलं, आत्ता तर सगळं गिळतोय, कशाला? भावाने केले नाहीत. तिसऱ्या आठवड्यानंतर तोंड आलं, लाळ आटली, थुंकी गिळायलाही रडायचा. स्नायू वापरात नाही राहिले की आखडतात, हे तेव्हा कळलं.

आता तो रोज आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक दातांत धरून बसतो. सुरुवात ९ काड्यांपासून होती, आज १७. तीन बोटं उभी तोंडात जायला हवीत म्हणतात, त्याची दोन जातात. काड्या एपीएमसीतून गठ्ठ्याने आणल्या, दुकानदाराला वाटलं कुल्फीचा धंदा काढतोय.

पोखरणताई, व्यायाम दिले तर टाळू नका. एवढंच.

चहाटळ

१७ काड्यांना सलाम.

पोखरण_दोन

फीज झाली. पडद्यावर मीही बघितलं. निळा रंग घातलेलं पाणी स्वरतंतूंच्या खाली गेलं आणि बाबा *खोकलेच नाहीत*. तीनदा. चौथ्यांदा ठसका लागला. म्हणजे घरी लागायचे ते ठसके मोजून आम्ही घाबरत होतो, आणि न लागलेले किती होते देव जाणे.

द्रव लेव्हल २, जेवण लेव्हल ५ (कुस्करलेलं, ओलसर, कण ४ मिलिमीटरपर्यंत, काट्याच्या दोन दातांमधली फट तेवढीच असते). हनुवटी खाली चालेल. जोर लावून गिळायचा व्यायाम रोज.

थिकनर (द्रव घट्ट करायची पावडर) आणला. चहात घातला. बाबा म्हणाले, "हा चहा की खीर?" कप सरकवला. संध्याकाळी पुन्हा केला तर तासाभरात खळ झाली होती, पोस्टर चिकटवता आली असती.

आवंढा

पिष्टाचा, म्हणजे स्टार्चचा थिकनर दिसतोय. तो ठेवला की घट्ट होत जातो, आणि तोंडातल्या लाळेने पातळही होतो. झँथन गमवाला बघा, तो स्थिर राहतो, चहाचा रंगही फार गढूळ होत नाही. महाग पडतो, मान्य. घरच्या नाचणीनेही काम होतं, पण गरम असताना एक आणि निवल्यावर दुसरंच, म्हणून दर वेळी सिरिंज.

आणि एक बाजू लपवत नाही. घट्ट पाणी कोणालाच आवडत नाही, त्यामुळे लोक पिणंच सोडतात आणि शरीरातलं पाणी कमी होतं. लघवीचा रंग गडद झाला तर मला नाही, डॉक्टरांना सांगा. थिकनर हा इलाज नाही, इलाज होईपर्यंतचा टेकू आहे.

नेरूळकरीण

गोळ्या कशा देताय? आम्ही सगळ्याच कुटून मधात द्यायचो. केमिस्टनेच एकदा हटकलं. नावापुढे एसआर, सीआर, एक्सआर (म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी) असेल किंवा वर आम्लात न विरघळणारं आवरण असेल तर कुटायची नाही, दिवसभराचा डोस एकदम सुटतो नाहीतर आवरणाचा उपयोग जातो. डॉक्टरांनी काही सिरपमध्ये बदलून दिल्या, काही विरघळणाऱ्या.

पोखरण_दोन

अगं बाई! बीपीची एसआर आहे आणि आई खलबत्त्यात कुटते. आत्ताच थांबवलं. धन्यवाद, खरंच.

खाडीपलीकडचा

खरंच घास अडकला, श्वासच बंद झाला तर काय करायचं? सानपाड्याला शेजारच्या आजोबांचं झालं होतं, सगळे नुसते ओरडत होते.

आवंढा

आवाज येतोय, जोरात खोकतायत तर हात लावू नका, खोकू द्या. आवाज फुटत नाही, खोकता येत नाही, ओठ निळे पडतायत तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने ५ जोरदार थापा. सुटला नाही तर मागून मिठी घालून बेंबीच्या थोडं वर मूठ ठेवून ५ वेळा आत-वर झटका. आलटून पालटून. एकाने १०८ लावायचा. तोंडात दिसत नसताना बोट घालून चाचपायचं नाही, आणखी आत जातं. बेशुद्ध पडले तर छातीवर दाब सुरू करायचे. हे वाचून येत नाही, एकदा प्रशिक्षण घ्या.

गोखले_रोडचे_काका

मंडळी, एंडोस्कोपी झाली. वर्षानुवर्षांच्या पित्ताने अन्ननलिकेचा खालचा भाग आकसला होता. तुकडा तपासला, कर्करोग नाही. फुगा घालून रुंद केले. आज चार महिन्यांनी भाकरी पाण्याशिवाय उतरली. 'वर बघ' बद्दलचे माझे शब्द मागे घेतो. आवंढाताई, आपले ऋण आहे.

पोखरण_दोन

बरेच दिवसांनी येतेय. पाडव्याला श्रीखंड दिलं, चारोळी न घालता, दुधाने जरा सैल करून, चमच्यावरून पडेपर्यंत. मे उजाडला तसा आमरस, गाळणीतून दोनदा गाळलेला. आमरस सिरिंजमध्ये भरताना आई म्हणाली, हापूसचं असं इंजेक्शन मी जन्मात बघितलं नव्हतं.

मार्चनंतर ताप नाही. परवा पुन्हा फीज केली. द्रव लेव्हल १ वर आलं. आणि थेरपिस्टनी पाणी सुरू केलं. साधं पाणी! जेवणानंतर अर्ध्या तासाने, आधी दात-जीभ स्वच्छ घासून, सरळ बसवून, हनुवटी खाली, लहान लहान घोट. जेवणासोबत नाही, गोळ्यांसोबत नाही. सगळ्यांना देत नाहीत, बाबांचं तोंड स्वच्छ आणि फुफ्फुस ठीक म्हणून. पहिला घोट घेऊन बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आईकडे बघून म्हणाले, "माठातलं आहे ना?"

आज सकाळी त्यांनी इथे विचारायला सांगितलंय, निरोप जसाच्या तसा: "त्या मॅडमना विचार, मामलेदारची मिसळ कुठल्या लेव्हलला येते?"

आवंढा

त्यांना सांगा, तर्री लेव्हल ०, फरसाण लेव्हल ७, दोन्ही एकाच चमच्यात, वरून तिखटाचा ठसका. मी बघितलेली सगळ्यात अवघड परीक्षा आहे ती. आत्ता नाही. व्यायाम चालू ठेवा, पावसाळ्यानंतर पुन्हा विचारा.